वादळाची काच वेगळी, आगीची काच वेगळी

बेळगावच्या उद्यमबागेत ॲल्युमिनियम फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असलेल्या एका भावाचा प्रश्न आहे. विशाखापट्टणमला समुद्रालगत उभ्या राहणाऱ्या 22 मजली रहिवासी टॉवरचं ग्लेझिंग, म्हणजे काचकाम, त्यांना पोटठेक्यावर मिळतंय. मुख्य ठेकेदारानं पाठवलेल्या कागदावर काचेबद्दल एकच ओळ आहे: बाहेरची सगळी काच 120 मिनिटं फायर-रेटेड (तेवढा वेळ आग अडवणारी) आणि हरिकेन-इम्पॅक्ट (वादळात उडून येणाऱ्या वस्तूंचा मार सोसणारी) हवी. दर शनिवारपर्यंत द्यायचाय. ते विचारतात, "ताई, 12 मिमी टफन घातली तर दोन्हीत बसेल का? नाहीतर दोन्ही कामं करणारी एकच काच कुठली मागवू?"

आधी थेट उत्तर देते. 12 मिमी टफन, म्हणजे उष्णतेनं कडक केलेली काच, दोन्हीपैकी कशातच बसत नाही. दोन्ही कामं करणारी रचना मिळते, पण ती महाग आहे, जड आहे आणि अख्ख्या इमारतीला लावायची गरज जवळजवळ कधीच नसते. तुमच्यापुढचा खरा प्रश्न काच कुठली हा नाहीच. या इमारतीत आग अडवायची रेषा कुठून जाते आणि वादळ अडवायची रेषा कुठून जाते, हा आहे. त्या रेषा नकाशावर आखल्याशिवाय दर दिलात तर एकतर काम हातचं जाईल, नाहीतर अंगावर येईल.

ती ओळ कुठून आली असावी हेही सांगते, कारण ठेकेदाराशी बोलताना उपयोगी पडेल. 'हरिकेन-इम्पॅक्ट' ही अमेरिकेची भाषा आहे. 24 ऑगस्ट 1992 ला अँड्र्यू हे वादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळलं आणि त्यानंतर मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या काउंट्यांनी खिडक्या-दारांचे नियम कडक केले. तिथे खिडकीच्या नमुन्यावर साधारण 4 किलोचा लाकडी वासा सेकंदाला 15 मीटरच्या वेगानं झाडतात. मग त्याच तडकलेल्या नमुन्याला 9000 वेळा हवेच्या दाबानं आत ढकलतात, बाहेर ओढतात. काच फुटली तरी चालते, पण तिनं चौकट सोडायची नाही आणि आरपार मोठं भगदाड पडू द्यायचं नाही. वाशाची ही चाचणी जमिनीपासून सुमारे 9 मीटरपर्यंतच्या काचेसाठी आहे. त्याच्या वर 2 ग्रॅमच्या पोलादी गोळ्या, सेकंदाला जवळजवळ 40 मीटरच्या वेगानं. उंचावर वासे उडत येत नाहीत, शेजारच्या गच्चीवरची खडी येते. ह्यूस्टनमध्ये 1983 च्या अलिशिया वादळात उंच इमारतींच्या काचा अशाच गच्चीवरच्या खडीनं फुटल्या होत्या.

म्हणजे फ्लोरिडातसुद्धा पहिल्या दोन-तीन मजल्यांची काच आणि विसाव्या मजल्याची काच एका चाचणीची नसते. तुमच्या कागदात मात्र सगळं एका ओळीत आहे. ज्यानं लिहिलं त्यानं दुसऱ्या कुठल्यातरी कामाची ओळ उचलली असावी.

आता आपल्या नियमांकडे. वाऱ्यासाठी आपल्याकडे आयएस 875 भाग 3 ही भारतीय मानक संहिता आहे, 2015 ची आवृत्ती. त्यात पणजी आणि मंगळूरला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, मुंबईला 44, विशाखापट्टणम आणि चेन्नईला 50 दिलाय. आपल्या भागातले बरेच फॅब्रिकेटर चोर्ला घाट उतरून गोव्यात नाहीतर खाली मंगळूरला कामं करतात. तिथला अंदाज घेऊन पूर्व किनाऱ्याचा दर देऊ नका. दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. 70 मीटर उंचीवर, समोर उघडा समुद्र धरून माझा कच्चा हिशोब असा: मंगळूरला चौरस मीटरला साधारण 1.4 किलोन्यूटन, विशाखापट्टणमला 2.2. वेग सव्वापटीच्या थोडा वर, पण दाब दीडपटीच्याही पुढे. यात अजून इमारतीच्या आकाराचे गुणक धरलेले नाहीत. कोपऱ्यावरच्या खिडक्यांना वारा आत ढकलण्यापेक्षा बाहेर जास्त ओढतो आणि तिथे आकडा आणखी चढतो. त्याच संहितेत पूर्व आणि गुजरात किनाऱ्यालगतच्या 60 किलोमीटर पट्ट्यासाठी चक्रीवादळाचा वेगळा गुणक आहे. रुग्णालयासारख्या, वादळानंतरही चालू राहायलाच हव्यात अशा इमारतींना तो 1.3 आहे. रहिवासी टॉवरला 1 धरतात, म्हणून तुमच्या कामात त्यानं फरक पडणार नाही. अंतिम आकडे मात्र त्या इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच लेखी घ्या. विंड टनेल चाचणी झाली असेल तर तिचे घ्या.

विशाखापट्टणमसाठी हा विचार कागदी नाही. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद चक्रीवादळ थेट त्या शहरावर आलं. विमानतळाच्या टर्मिनलची दैना झाली आणि शहरभर काचा फुटल्या. एक काच गेली की वारा खोलीत शिरतो, आतला दाब वाढतो आणि बाहेरच्या ओढीत त्याची भर पडते. मग पलीकडची काच, फॉल्स सीलिंग, आतली हलकी पार्टिशन्स, सगळ्यांवर एकदम जोर येतो. टफन काच इथेच कमी पडते. वाऱ्याचा दाब ती सोसेल, पण खडीचा एक तुकडा नेमका बसला की अख्खी काच चुरा होऊन खाली जाते आणि खिडकीच्या जागी उघडं भोक राहतं. म्हणून वादळाची काच लॅमिनेटेड असते: दोन काचांमध्ये पीव्हीबीचा जाड थर किंवा त्याहून कडक आयनोप्लास्टचा थर. काच तडकते, पण थराला चिकटून राहते. तो थर चौकटीला धरून राहावा म्हणून काचेची कड सेक्शनच्या खाचेत पुरेशी खोल बसवून स्ट्रक्चरल सिलिकॉननं बांधावी लागते. नुसतं रबरी गास्केट दाबून बसवलेली लॅमिनेटेड काच वादळात अख्खीच्या अख्खी बाहेर ओढली जाऊ शकते.

आग हे सगळं उलटं करते. पीव्हीबी प्लास्टिक आहे. तापलं की मऊ होतं, मग जळतं. वादळात जो थर काच धरून ठेवतो तोच आगीत आधी हात सोडतो. साधी फ्लोट काच एका भागाचं तापमान दुसऱ्यापेक्षा 40 अंशांनी वाढलं तरी तडकू शकते. टफन साधारण 200 अंशांचा फरक सोसते. आगीच्या चाचणीची भट्टी 10 मिनिटांत 670 च्या पुढे असते, तासाला 945 आणि दोन तासांना 1049 अंशांवर. 120 मिनिटं या शब्दामागे हे आकडे आहेत.

फायर-रेटेड म्हणून विकली जाणारी काचही एका जातीची नसते. दुकानदार सांगत नाही, म्हणून हे नीट वाचा. 'ई' वर्गाची काच फक्त ज्वाळा आणि धूर अडवते. तिच्यातून उष्णता मात्र इतकी येते की पलीकडून माणूस जाऊ शकत नाही, पडदा पेटू शकतो. 'ईडब्ल्यू' ती उष्णता काही मर्यादेत ठेवते. 'ईआय' वर्गात काचेची पलीकडची बाजू मूळ तापमानापेक्षा सरासरी 140 अंशांहून जास्त तापायची नाही. जिन्याला किंवा लॉबीला, जिथून माणसं उतरणार आहेत तिथे, मी 'ईआय' सोडून काही मान्य करत नाही. नुसतं '120 मिनिटं' लिहिलेल्या कागदावर 'ई'चा माल 'ईआय' म्हणून खपतो. दरात कित्येक पटींचा फरक असल्यामुळे हा मोह मोठा आहे.

'ईआय' काचेत काचांच्या मध्ये सोडियम सिलिकेटचा पारदर्शक थर किंवा जेल असतं. सिलिकेटच्या थरात पाणी बांधलेलं असतं. 120 अंशांच्या आसपास ते सुटतं आणि तापल्या तव्यावर तुरटी फुलावी तसा थर पांढरा फुलून येतो. त्या फेसानं उष्णता अडते. दोन तासांची अशी काच 50 मिमीच्या आसपास जाड, चौरस मीटरला शंभर किलोच्या पुढे. तुमची 12 मिमी काच 30 किलोची. त्या वजनाला बिजागरी, ब्रॅकेट, उचलायची सोय, काचेखालचे पॅकर म्हणजे ठोकळे, सगळंच बदलतं.

या थराला दोन गोष्टी सोसत नाहीत: ऊन आणि ओल. सतत 50 अंशांच्या वर तापला किंवा अतिनील किरणं लागली की तो हळूहळू दुधाळ होतो, त्यात बुडबुडे धरतात. म्हणून बाहेरच्या वापरासाठी वेगळा प्रकार असतो आणि तो मुद्दाम मागवावा लागतो. काचेच्या कडेची टेप हे ओलीविरुद्धचं एकमेव कवच आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका साइटवर मी असं बघितलंय: काचा पावसाळ्यात ताडपत्रीखाली उभ्या ठेवलेल्या, खाली पाणी साचलेलं, आणि एका माणसानं चौकटीत बसत नाही म्हणून कडेची टेप ब्लेडनं खरवडलेली. वर्षभरात त्या काचांच्या कडेला पांढरे ढग दिसायला लागले. ही काच साइटवर कापता येत नाही, घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. खानापूर-बेळगावचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा वर्कशॉपमध्येही ती आत, कोरड्यात, पॅकरवर उभी ठेवा.

आता चौकट. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. उद्यमबागेतल्या कुठल्याही फाउंड्रीत विचारा. भट्टीचा आकडा आठवा: 10 मिनिटांत तो बिंदू मागे पडतो. म्हणून दोन तासांच्या ग्लेझिंगला बहुधा स्टीलची चौकट असते, किंवा आतून अग्निरोधक पट्ट्या भरलेला खास ॲल्युमिनियम सेक्शन. त्याबरोबर सिरॅमिक टेप, आगीत फुगणारी पट्टी, न जळणारे पॅकर आणि भिंतीत बसणारे स्टीलचे अँकर. तुमच्या रोजच्या स्लायडिंग सेक्शनमध्ये दोन तासांची काच बसवून दोन तास मिळत नाहीत, दहा-पंधरा मिनिटं मिळतील. रेटिंग काचेला नसतं, काच, चौकट, पट्टी, स्क्रू आणि भिंत या सगळ्यांना मिळून असतं. चाचणीचा अहवाल हातात आला की आधी पान उलटून बघा: नमुना किती मोठा होता, उभा की आडवा, चौकट कुठली, आग कुठल्या बाजूनं लावली. तुमची काच त्या नमुन्यापेक्षा मोठी असेल तर तो अहवाल तुमच्या कामाचा नाही, जोपर्यंत प्रयोगशाळा मोठ्या मापाला लेखी मान्यता देत नाही. रुरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी आपल्याकडेही अशा चाचण्या होतात, तेव्हा परदेशी अहवालाची झेरॉक्स हाच एक मार्ग आहे असं नाही.

इथवरचा मुद्दा असा की वादळाला लवचिक थर आणि घट्ट चिकटलेली कड हवी, आगीला न जळणारी चौकट आणि उष्णतेत फुलायला मोकळा थर हवा. म्हणून मी शक्य तिथे दोघांना एका खिडकीत आणतच नाही.

राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या 2016 च्या भाग 4 मध्ये 15 मीटर आणि त्यावरची इमारत उंच धरतात. तिच्या जिन्याभोवतीचा वेढा, फायर लिफ्टची लॉबी, शाफ्ट (पाइप-वायरींच्या उभ्या पोकळ्या) यांना आग अडवणारं बांधकाम लागतं, बहुतेक ठिकाणी 120 मिनिटांचं. ही आग अडवायची रेषा मुख्यतः इमारतीच्या आतून जाते. वादळाची रेषा बाहेरच्या कातडीवरून. त्या दोन रेषा एकमेकींना थोड्याच ठिकाणी भेटतात: जिना किंवा फायर लॉबी बाहेरच्या भिंतीला चिकटली असेल तिथे, शेजारची इमारत जवळ असेल त्या बाजूला, किंवा रेफ्यूज एरियाला (आगीत माणसांनी थांबायच्या जागेला) लागून फ्लॅटची खिडकी येत असेल तिथे. फ्लॅटच्या हॉलच्या समुद्राकडच्या खिडकीला 120 मिनिटं का हवीत, हे ठेकेदाराला विचारा. समोर पेट घेणारं काही नसेल तर बहुतेक वेळा त्याच्याकडे उत्तर नसतं. मात्र याचा निर्णय तुम्ही किंवा मी करायचा नाही. अग्निशमन विभागाच्या मंजूर नकाशावर जे आहे तेच खरं, आणि राज्याराज्यांचे नियम बदलतात.

जिथे रेषा भेटतात तिथे दोन वाटा आहेत. मला आवडणारी पहिली: बाहेर वादळाची लॅमिनेटेड खिडकी तशीच ठेवायची आणि आगीची 'ईआय' भिंत तिच्यामागे आत, वेगळ्या स्टील चौकटीत घ्यायची, मध्ये माणूस शिरून साफ करू शकेल एवढी जागा सोडून. आर्किटेक्टला थोडं क्षेत्र सोडावं लागतं, पण दोन्ही वस्तू आपापल्या चाचणीत बसतात, ऊन-पाऊस आगीच्या काचेपर्यंत पोचत नाही आणि वादळात बाहेरची फुटली तरी आतली शाबूत राहते. दुसरी वाट म्हणजे एकच युनिट: बाहेर लॅमिनेटेड, मध्ये हवेची पोकळी, आत 'ईआय' काच, सगळं एका स्टील चौकटीत. कंपन्या असं बनवतात. पण मग त्याच युनिटचे दोन्ही अहवाल मागा, त्याच चौकटीसह. बाहेरच्या काचेचा वादळाचा आणि आतल्या काचेचा आगीचा, असे दोन सुटे अहवाल जोडून चालत नाही. या युनिटमध्ये आणखी एक अडचण असते. वादळी पावसात चौकटीत शिरलेलं पाणी बाहेर काढायला खाली भोकं लागतात, आणि आगीला तीच भोकं वाट देतात. हा पेच कसा सोडवलाय ते उत्पादकाच्या ड्रॉइंगमध्ये दिसलं पाहिजे. साइटवर मिस्त्रीच्या अंदाजानं भोक पाडायचं नाही.

एका गोष्टीवर मला जास्त बोलायचंय, कारण तुमच्या कागदात तिचा उल्लेखच नाही. वादळाची काच मजबूत म्हणजे आत अडकलेल्या माणसाला आणि बाहेरच्या जवानालाही ती फोडायला कठीण. डिसेंबर 2011 मध्ये कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात तळघरात आग लागली आणि बंदिस्त, काचेनं वेढलेल्या इमारतीत धूर वर चढला. नव्वदहून अधिक माणसं गेली. बेंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये फेब्रुवारी 2010 ला नऊ जण गेले, तिथेही धूरच. राष्ट्रीय बांधकाम संहितेनं काचेच्या दर्शनी भागासाठी म्हणूनच प्रत्येक मजल्यावर, 10 मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, किमान 1 मीटर बाय 1 मीटरची बाहेर उघडणारी पॅनेल सांगितली आहेत. त्यांची कडी जमिनीपासून 1.2 ते 1.5 मीटरवर असते आणि वर ठळक सूचना लिहायची. विशाखापट्टणमच्या वाऱ्यात अशा उघडणाऱ्या पॅनेलला एका हँडलनं चारी बाजू घट्ट करणारं मल्टिपॉइंट लॉक लागेल. पॅनेलला टफन की टफन-लॅमिनेटेड, हा प्रश्न अग्निशमन अधिकाऱ्यालाच लेखी विचारा. वादळाच्या नावाखाली ही पॅनेल कायमची सिलिकॉन मारून बंद केलेली मला कुठेही मान्य नाही. वादळानंतर रस्ते झाडांनी अडलेले असतात, जनरेटर चालू असतात, ओल्या वायरिंगमध्ये वीज परत येते. आग लागायला आणि बंब उशिरा पोचायला तेच दिवस.

स्लॅब आणि काचेच्या भिंतीमधली फट तशीच महत्त्वाची. तिथे दाबून भरलेली रॉकवूल आणि वर अग्निरोधक सीलंट, स्लॅबइतक्याच मिनिटांचं. टॉवर वाऱ्यात हलतो, मजल्यांमध्ये सरक होते, म्हणून ताण-दाब देऊन तपासलेलंच सीलंट घ्या. काच कितीही भारी असली आणि ही फट उघडी राहिली तर आग त्याच वाटेनं वरच्या मजल्यावर जाते.

खारी हवा थोडक्यात: स्क्रू आणि ब्रॅकेट एसएस 316 चे, 304 नको. स्टीलच्या फायर चौकटीला आधी गॅल्व्हनायझिंग, मग पावडर कोटिंग. स्टील आणि ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथे मध्ये नायलॉन किंवा निओप्रीनचा तुकडा, पण फायर चौकटीत तो घालण्याआधी चाचणीच्या ड्रॉइंगमध्ये आहे का बघा. टफन काच कुठेही वापरली तर हीट-सोक केलेलीच, म्हणजे कारखान्यात मुद्दाम तापवून तपासलेलीच घ्या, म्हणजे आतल्या निकेल सल्फाइडच्या कणांमुळे आपोआप फुटणाऱ्या बहुतेक काचा कारखान्यातच गळतील. विसाव्या मजल्यावरून पडणारा चुरा खालच्या माणसासाठी लहान गोष्ट नाही.

शनिवारचा दर असा द्या. ठेकेदाराकडून अग्निशमन विभागाचा शिक्का असलेला नकाशा मागवा आणि त्यावर तीन रंगांनी खिडक्या भरा: फक्त वादळ, फक्त आग, दोन्ही. पहिल्या रंगाला लॅमिनेटेड, इंजिनिअरनं दिलेल्या दाबाला. 9 मीटरच्या खाली आणि वर इम्पॅक्टची कुठली पातळी हवी ते ठेकेदारानं लिहून द्यावं. दुसऱ्याला 'ईआय 120', चौकटीसह तपासलेली सिस्टीम, बसवणारी माणसं त्या कंपनीनं शिकवलेली. तिसऱ्यासाठी मी वर सांगितलेल्या दोन्ही वाटांचे वेगळे दर द्या, म्हणजे आर्किटेक्टला क्षेत्र सोडायचं की पैसे, हे त्याला ठरवता येईल. तिन्ही ओळी वेगळ्या ठेवा, सगळ्यांचा मिळून चौरस फुटाचा एक दर देऊ नका. प्रत्येक मापाची एक-दोन आगीची काच जादा धरा, कारण वादळात तडा गेलेल्या काचेचं रेटिंग संपलेलं असतं आणि नवी बनून यायला महिने जातात. नकाशा शनिवारपर्यंत आलाच नाही तर दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत आकडा लिहू नका, 'मंजूर नकाशा मिळाल्यावर' एवढंच लिहा.